वेताळाचा चार्ज

माणसाला अमर व्हायचं असेल तर आपल्या पुराणांत एकच खात्रीचा उपाय सांगितला आहे, तो म्हणजे अमृत. ते देवांनी आपसांत वाटून संपवलं. अश्वत्थामा, हनुमान, बिभीषण वगैरे सात जणांचा चिरंजीवांचा कोटाही कधीच भरला. दुसरा उपाय मला बँकेत लागल्यावर कळला. तो म्हणजे 'पोस्ट'. माणूस जातो, पोस्ट राहते. आमचे हेड कॅशियर निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (ज्या माणसाने जन्मभर घड्याळाकडे बघत दिवस काढले, त्याला निरोपाला पुन्हा घड्याळच का देतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे.) दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याच खुर्चीवर, त्याच जाळीआड, नवे हेड कॅशियर बसले होते. गिऱ्हाइकाने स्लिप पुढे सरकवली, पैसे घेतले, मोजले आणि तो निघून गेला. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या लेखी हेड कॅशियर अमर होता.

हीच युक्ती एका अमेरिकन माणसाला १९३६ साली सुचली आणि तिच्यावर त्याने पुढची त्रेसष्ट वर्षं काढली. त्याचं नाव ली फॉक. आणि त्याने तयार केलेली पोस्ट म्हणजे आपला वेताळ. जांभळे घट्ट कपडे, डोळ्यांवर काळा मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलं, हाताखाली एक लांडगा आणि मांडीखाली पांढरा घोडा. इंग्रजीत तो फँटम. वाचकहो, तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल तर 'हा कोण?' असं तुम्ही विचाराल. पन्नाशीच्या पुढे असेल तर इतक्यात तुमच्या नाकाला जुन्या कागदाचा वास आलेला असेल. मी मधल्या वयाचा, म्हणजे ज्याने वेताळाची फक्त उतारवयातली कारकीर्द पाहिली अशांपैकी. तरी तो इतिहास लिहायचा अधिकार माझा आहे असं मी समजतो. का, ते शेवटी सांगेन.

फॉक हा मूळचा सेंट लुईसचा. मँड्रेक जादूगार त्याने १९३४ मध्येच वर्तमानपत्रांतून सुरू केला होता. वेताळ आला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, तेव्हा फॉक अवघा चोवीस वर्षांचा होता. त्या वयात मी बँकेत आवक-जावक रजिस्टर लिहीत होतो. चित्रं रे मूर नावाच्या चित्रकाराची. पहिली कल्पना अशी होती की शहरातला जिमी वेल्स नावाचा एक ऐदी श्रीमंत तरुण रात्री मुखवटा घालून गुंडांना बदडतो. पण गोष्ट सुरू असतानाच फॉकने बेत बदलला आणि नायकाला उचलून जंगलात नेऊन ठेवलं. जिमी वेल्स बिचारा अर्ध्यातच राहिला. आमच्याकडेही काही खाती अशी असतात. उघडली जातात, पहिला भरणा होतो आणि मग कोणी फिरकत नाही.

वेताळाची मूळ कथा मात्र पक्की बांधलेली. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं. कप्तान मारला गेला आणि त्याचा मुलगा वाहत वाहत एका जंगलाच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या ठेंगण्या आदिवासींनी त्याला वाचवलं. पुढे बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन त्याने शपथ घेतली, की चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी मी लढेन आणि माझ्यामागे माझी मुलंही लढतील. झाला पहिला वेताळ. तो गेल्यावर मुलाने तोच मुखवटा चढवला, मग नातवाने. मरण गुहेच्या आत, बाहेर कोणाला पत्ता नाही. जंगलाला वाटतं की हा एकच माणूस, चारशे वर्षं जगणारा, चालतंबोलतं भूत. आपण ज्याच्या गोष्टी वाचल्या तो एकविसावा.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे लगेच हिशेब मांडला. १५३६ ते १९३६ बरोबर चारशे वर्षं, त्यात वीस जणांनी काम पाहिलं. म्हणजे प्रत्येकी सरासरी वीस वर्षं. माझी नोकरी वीस वर्षं कधीच ओलांडून गेली. म्हणजे सरासरी वेताळापेक्षा मी जास्त टिकलो आहे. अर्थात त्यांच्यावर विषारी बाण, मगरी आणि तोफा यांचे हल्ले होत, आणि माझ्यावर फक्त मार्चअखेरचे. पण पेन्शनपर्यंत त्यांच्यातले फारसे पोचले नाहीत, हे युनियनने लक्षात घेण्यासारखं आहे.

वेताळाच्या अंगात दैवी शक्ती बिलकूल नव्हती, हा मुद्दा फार महत्त्वाचा. सुपरमॅन १९३८ साली आला आणि उडू लागला. बॅटमॅन १९३९ साली आला. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही या मंडळींची जी पुढे वर्दीच झाली, ती वेताळाने त्यांच्याआधी चढवली होती. पण त्याला गोळी लागली तर रक्त येई. त्याची सगळी ताकद लोकांच्या समजुतीत होती. 'हा मरत नाही' एवढं गुंडाच्या डोक्यात बसलं की निम्मी मारामारी जिंकलीच. बँकिंगचंही तसंच आहे. 'बँक बुडत नाही' ही समजूत हेच आमचं खरं भांडवल. बाकीचं सगळं तिजोरीत मावतं.

तिजोरीवरून आठवलं. वेताळाच्या हाताखाली 'जंगल पेट्रोल' नावाचं एक गस्तीदल होतं. त्याचा सरसेनापती कोण, हे खुद्द तिथल्या कर्नललाही माहीत नसे. कर्नलच्या कचेरीत एक तिजोरी. तिला खालून चोरदार, तिथून भुयार थेट बाहेरच्या विहिरीपर्यंत. वेताळ रात्री भुयारातून येऊन तिजोरीत चिठ्ठी ठेवी. सकाळी कर्नल तिजोरी उघडी, हुकूम वाची आणि कामाला लागे. लहानपणी मला यात केवढं गूढ वाटायचं! आता एवढंच वाटतं, की खालून उघडी असलेली तिजोरी इतकी वर्षं एकाही ऑडिटरच्या नजरेला पडली नाही? आमच्याकडे तर दोन किल्ल्या, दोन माणसं आणि शिवाय रजिस्टरात दोन सह्या. हुकूम मात्र आमच्याकडेही असेच येतात. कुठून आला, कोणी काढला, कळत नाही. सकाळी टेबलावर सर्क्युलर असतं.

पोशाखाच्या रंगाचीही एक गंमत आहे. फॉकच्या मनात राखाडी होता. वर्तमानपत्रातली पट्टी काळी-पांढरी, तेव्हा कोणाचंच काही अडलं नाही. १९३९ साली रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छापखान्याने त्याला जांभळा करून टाकलं. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. फॉकने कुठे कुठे दुरुस्तीपत्रक पाठवायचं? जांभळा तर जांभळा. जंगलातल्या उकाड्यात तो घट्ट पोशाख आणि त्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून हा माणूस घोड्यावर बसायचा, या एका गोष्टीसाठी तरी त्याला शौर्यपदक द्यायला हवं होतं.

आपल्याकडे तो 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवर १९४० च्या दशकातच आला. पण ते साहेबी साप्ताहिक, साहेबाच्या किंवा डॉक्टरच्या घरी यायचं. घराघरांत वेताळ शिरला तो मार्च १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं तेव्हा. पहिली बत्तीस पुस्तकं नुसती वेताळाची. मँड्रेक वगैरे मंडळी मागून आली. त्या खटपटीत अनंत पै होते. त्यांनी पुढे १९६७ साली 'अमर चित्रकथा' काढली आणि मुलांना राम-कृष्णांकडे वळवलं. हळूहळू इंद्रजाल मासिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक झालं. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा किती तरी भाषांत ते निघू लागलं. बंगाल्यांनी त्याचं नाव अरण्यदेव ठेवलं. ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. आपल्याकडे तो वेताळ झाला.

हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा दंडवत. मुलांना विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ माहीत असतो. पण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा रखवालदार आहे. गोव्यात त्याला बेताळ म्हणतात. आमोण्याला, लोलयेला त्याची देवस्थानं आहेत. तो रात्री गावाच्या वेशीभोवती गस्त घालतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. म्हणजे चालणारं भूत, गावाचं रक्षण करणारं, रात्रपाळीचं, आमच्याकडे सेंट लुईसच्या फॉकसाहेबांच्या शेकडो वर्षं आधीपासून ड्यूटीवर होतं. फॉकचा वेताळ घोड्यावरून हिंडायचा, आमचा पायी. एवढाच काय तो भत्त्यातला फरक.

आता एक अवघड गोष्ट सांगतो, कारण इतिहास लिहायचा म्हटलं की जमेबरोबर खर्चही दाखवावा लागतो. फॉकने मोगली आणि टारझन वाचून जंगल उभं केलं होतं. सुरुवातीला ते जंगल कुठे तरी आपल्या बाजूलाच होतं. त्याचं नाव होतं बेंगाली. चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग. विसाव्या वेताळाला मारणाऱ्या खुन्याचं नाव चक्क रामा. त्या आदिवासींना त्याने बांडार म्हटलं, तेही किपलिंगच्या माकडांवरून. थोडक्यात, वाचवणारा गोरा आणि बुडवणारे आपण! इंद्रजालवाल्यांनी मुकाट्याने कलम चालवली. बेंगालीचं डेंकाली केलं, सिंगचं सिंगा, रामाचा रामालू. एकदोन अक्षरं बदलली आणि खातं टॅली झालं. पुढे फॉकनेही ते जंगल हलवून आफ्रिकेत नेलं, पण गोरा साहेब सिंहासनावर आणि काळी माणसं त्याच्या पायाशी ही मांडणी बरीच वर्षं तशीच राहिली. आम्हाला लहानपणी त्याचं काही वाटलं नाही. गल्लीत वेताळ-वेताळ खेळताना चाचे व्हायला कोणीच तयार नसे. सगळ्यांना वेताळच व्हायचं असे. आपण चित्रात नेमके कुठे उभे आहोत, हे कळायला मला तिशी उलटावी लागली. तरीही त्याच्यावरचं प्रेम उणं झालं नाही, हेही खरं. आणि एकटा मीच असा नव्हतो. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर वेताळ रंगवला. ज्यांना त्याच्या पायाशी बसवलं होतं तशाच लोकांनी त्याला उचलून आपल्या ढालीवर घेतला. फॉकने आपल्याला दिलेली जागा सोडून भलत्याच जागी जाऊन बसायची खोड वाचकांना सगळीकडेच असते.

ऱ्हास कधी सुरू झाला? अनुभवी माणसं म्हणतील, लग्न झालं तेव्हा. वेताळ आणि डायना १९३६ च्या पहिल्याच गोष्टीत भेटले आणि त्यांचं लग्न झालं १९७७ मध्ये. एकेचाळीस वर्षं चाललेलं हे प्रेमप्रकरण आपल्याकडच्या कुठल्याही मुलीच्या बापाने दुसऱ्या महिन्यातच निकालात काढलं असतं. १९७९ मध्ये त्यांना जुळं झालं, मुलगा किट आणि मुलगी हेलॉईज. त्याच वर्षी माझाही जन्म झाला. ती दोघं चित्रात अजून पुरती मोठी झालेली नाहीत. माझं टक्कल मात्र कॅलेंडरबरहुकूम पडलं.

पण खरं कारण आमच्या घरात कोपऱ्यात, विणलेल्या झालरीखाली बसलं होतं. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण लागलं, १९८८ मध्ये महाभारत. चित्रातला बाण जागच्या जागी थांबलेला असतो, तो पुढे आपल्या मनाने न्यावा लागतो. पडद्यावरचा बाण आपोआप पुढे जायचा. तो सरकत सरकत जाऊन समोरच्या बाणाला भिडेपर्यंत आमटी गार व्हायची, पण जायचा. चार आण्यांत दिवसभर कॉमिक वाचायला देणाऱ्या आमच्या गल्लीतल्या वाचनालयवाल्याने पुढे व्हिडिओ कॅसेटी ठेवायला सुरुवात केली. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. आठशेच्या वर पुस्तकं निघाली होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा. १९९६ साली हॉलिवुडने बिली झेनला जांभळा पोशाख घालून सिनेमा काढला, तो आपटला. १९९९ च्या मार्चमध्ये फॉक वारला. बाकी स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात वेताळाची पुस्तकं पुढेही निघत राहिली, फॉकची पोस्टही दुसऱ्या लेखकांनी भरली. अमरत्वाची ती युक्ती शेवटी तिच्या कर्त्यालाच लागू पडली. पण आमच्या गल्लीत तोवर तेराव्याचं जेवणही झालं होतं.

आता माझ्या अधिकाराची गोष्ट.

इंद्रजाल आमच्याकडे अण्णा आणायचे, म्हणजे माझे वडील. १९६४ मध्ये ते कॉलेजात होते, तेव्हा आजोबांच्या भीतीने कॉमर्सच्या वहीत लपवून वाचायचे. बँकेत लागल्यावर उजळ माथ्याने विकत घेऊ लागले. 'पोरासाठी घेतो' म्हणून सांगायचे, पण पोराच्या हाती पुस्तक पडायचं ते चहा पिऊन, पान खाऊन, शेवटच्या चौकोनापर्यंत त्यांचं वाचून झाल्यावरच. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी असे. अण्णांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला नोटा मोजायची रबरी टोपी असे. घरी येतानाही ती कधी कधी काढायची राहून जाई. मी विचारायचो, "अण्णा, याचा ठसा उमटतो का?" ते ती टोपी माझ्या गालावर दाबायचे. बारीक बारीक टिपक्यांचा ठसा उमटायचा आणि लगेच जायचा.

२००१ मध्ये, नोकरी चार वर्षं उरली असताना, अण्णा गेले. आजारी होते हे आम्हाला शेवटी शेवटी कळलं. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. अनुकंपा तत्त्वावर अर्ज केला आणि वर्षभराने मला कारकुनाची जागा मिळाली. आणखी दोन वर्षांनी बदली झाली ती अण्णांच्याच शाखेत, आणि बसलो तेही त्यांच्याच पेन्शन काउंटरवर. चार्ज घेताना ड्रॉवर उघडला तर आत वाळलेला स्पंज, शिक्क्याचं पॅड आणि मागे कोपऱ्यात कडक झालेली एक रबरी टोपी. रजिस्टरात तिची नोंद नव्हती. मी ती खिशात घातली.

पहिल्या तारखेला पेन्शनरांची रांग लागली. एक आजीबाई आल्या, जाड भिंगाच्या चष्म्यातून पासबुक चाचपत. पैसे घेतले, दोनदा मोजले, पदरात बांधले आणि माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणाल्या, "बरेच महिने दिसला नाहीत हो. बरं नव्हतं का?"

शेजारच्या टेबलावरचा शिपाई हसायला लागला. त्यांना खरं सांगायला माझं तोंड उघडलंही होतं. पण रांग मोठी होती, आणि आजीबाईंच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा होता, की मी म्हणालो, "हो आजी, जरा रजेवर होतो."

"तब्येतीला जपा," त्या म्हणाल्या आणि गेल्या. पुढे पाच वर्षं, त्या येत होत्या तोवर, त्यांच्यासाठी मी अण्णाच होतो. त्यांच्या गुडघ्याची चौकशी अण्णा करायचे तशीच मी करायचो. वेताळाला मुखवट्याआड काय वाटत असेल, हा प्रश्न फॉकने फारसा काढला नाही. मला थोडं सांगता येईल. आत खूप उकडतं. पण काढून ठेवावासा वाटत नाही.

गेल्या दिवाळीत माळा आवरायला काढला. "हे रद्दीत घालायचं का?" या प्रश्नासह इंद्रजालचा गठ्ठा सौभाग्यवतींनी खाली टाकला. माझी मुलगी, वय वर्षं बारा, त्यावर बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. मग वर न बघता तिने विचारलं, "बाबा, हे सगळे मुलगेच का? त्याला मुलगी पण आहे ना?"

मी घसा साफ करून माहिती दिली, की सतराव्या वेताळाच्या बहिणीने, ज्युलीने, भावाच्या जागी एकदा तो पोशाख चढवला होता आणि काम चोख केलं होतं. म्हणजे नियमात बसतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण मला बँकेत नाही यायचं हं."

"कोण म्हणालं ये म्हणून?" मी म्हणालो. आणि खरंच मला बरं वाटलं. आमच्या घराण्यात पोस्ट दुसऱ्याच पिढीला थांबेल, एकविसापर्यंत जाणार नाही. पेन्शन काउंटरवर आता कोणीही बसो, आजींचे नातू घरबसल्या मोबाइलवरून पैसे काढतात. त्यांना काउंटरपलीकडे कोण आहे, हे बघायची गरजच उरलेली नाही.

गठ्ठा रद्दीत गेला नाही, हे सांगायला नकोच. संध्याकाळी मी कपाटातून ती रबरी टोपी काढून तिला दाखवली. ती इतकी कडक झाली होती, की आता अंगठ्यात जात नव्हती. तिने ती आपल्या करंगळीत बसवून बघितली, पुस्तकातल्या वेताळासारखी मूठ वळली आणि माझ्या गालावर हळूच टेकवली.

"उमटला का ठसा?" मी विचारलं.

"थोडासा," ती म्हणाली.